खारपाणातल्या पट्टीवरचं जेवण

मी पहिल्यांदा एकटी विमान घेऊन लांब गेले ती जेवायला. हे कोणाला सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, बड्या घरच्या पोरीचा काहीतरी शौक असेल, हवा खायला निघाली असेल आणि वाटेत उतरून दोन घास खाल्ले असतील. तसं नव्हतं. मला माझ्याच घरात ताट नाकारलं होतं आणि माझी माय मला उपाशी ठेवायला तयार नव्हती, एवढीच ती गोष्ट आहे.

आमचं गाव सोनाळ्याच्या खाली, पूर्णेकडच्या खारपाण पट्ट्यात. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मोठा कारभार सगळा नागपूरला चालायचा. गावातून उत्तरेला सातपुडा निळा दिसतो, पण त्याचं गोड पाणी आमच्यापर्यंत पोचत नाही. विहिरी खाऱ्या. होळीनंतर जमीन भेगाळते, तिच्यावर पांढरा क्षार फुलून येतो आणि नजर जाईल तिथवर गवताची काडी दिसत नाही. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात सरकारनं गावाबाहेरची अशीच पडीक जमीन घेतली, डोंगराच्या पायथ्याहून मुरूम आणून टाकला, दगडी रूळ फिरवला आणि विमानं उतरायला पट्टी केली. विमान तिथे फार तर दोन-तीनदा आलं असेल. लढाई संपली, सामान उचलून नेलं, पट्टी तशीच पडून राहिली. गावातले लोक तिच्यावर मिरच्या वाळत घालायचे.

माझे वडील मी सात वर्षांची असताना गेले. घराचा कारभार त्यांच्या थोरल्या भावाकडे होता. त्यांना मी मोठे बाबा म्हणायची. मायनं मला शिकायला नागपूरला माझ्या मामाकडे पाठवलं. मोठ्या बाबांनी तेव्हा हरकत घेतली नाही. बिनबापाची पोरगी डोळ्यांआड झाली, एवढंच त्यांनी पाहिलं असावं. मी मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले. त्याच सुमारास सरकारनं काही विद्यार्थ्यांना विमान चालवायला शिकवायचं ठरवलं. मी अर्ज केला. मुलींनी करू नये असं त्या अर्जावर कुठे लिहिलेलं नव्हतं. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, "तुम्हाला भीती वाटत नाही?" मी म्हटलं, "अजून वर गेले नाही, तर कसं सांगू?" त्यांनी मला घेतलं.

आमचे शिक्षक लढाईतून परतलेले वैमानिक होते. एका कानानं त्यांना ऐकू येत नसे आणि बोलणं अगदी मोजकं. पहिल्या दिवशी त्यांनी मला बजावलं, "इथे मुलगी म्हणून सवलत मिळणार नाही." मी म्हटलं, "मागितली कुठे?" ते हसले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

मोठ्या बाबांनी माझं लग्न पिंपळगाव राजाकडच्या एका मोठ्या शेतकरी घराण्यात ठरवलं. मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या घरून निरोप आला की पोरीनं ते इमानाचं, म्हणजे विमानाचं, सोडावं. मी उलट निरोप पाठवला की परवाना मिळाल्यावर लग्न करीन, आणि सोडणार काहीच नाही. लग्न मोडलं.

त्या उन्हाळ्यात मी सुटीला घरी गेले. दुपारी पंगत बसली. मी हातपाय धुऊन आले तर माझा पाट मांडलेला नव्हता. काकू वाढत होती, तिनं मान वर केली नाही. मोठे बाबा जेवता जेवताच बोलले, "या घरात आता तुले ताट नाई. ज्यानं तुले आकाश दाखवलं त्यालेच मांग."

मी मायकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात पदर डोक्यावर ओढून उभी होती. तिनं ओठ हलवले नाहीत. मी पिशवी उचलली आणि शेगावच्या वाटेला लागले. स्टेशनापर्यंत उपाशी गेले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला मोठ्या बाबांपेक्षा मायचा जास्त राग आला होता.

महिन्याभरानं तिचं पत्र आलं. मायला लिहिता यायचं, पण ती फार कमी लिहायची.

"तू उपाशी गेली," तिनं लिहिलं होतं. "म्या तेव्हा काई बोलली नाई. तेव्हापासून मलेबी घास गोड लागत नाई. घरात ताट नाई असं त्याईनं म्हनलं. पन गावाबाहेर सरकारची पट्टी हाये. ते घर नोय. तुले इमान येते. तू पट्टीवर ये, मी वाढीन."

पत्र मी तीनदा वाचलं. बैलगाडीनंही मला तिथवर जाता आलं असतं, नाही असं नाही. शेगावच्या गाडीवाल्यांना मोठ्या बाबांनी मला बसवायचं नाही म्हणून ताकीद दिली होती, पण पायी कोण अडवणार होतं? गोष्ट तेवढी नव्हती. ज्या विद्येपायी माझं ताट उठलं होतं त्याच विद्येनं मला त्या गावच्या डोक्यावरून यायचं होतं, आणि सगळ्यांनी वर पाहायला हवं होतं. मला आजही त्याची लाज वाटत नाही.

परवान्यासाठी एकटीनं लांबचं उड्डाण करून दोन अनोळखी ठिकाणी उतरून परत यायचं असतं. माझी त्या उड्डाणाची पाळी पुढच्या फाल्गुनात आली. मी शिक्षकांपुढे नकाशा ठेवला. पहिला मुक्काम अकोला, तिथे पेट्रोल भरायचं. दुसरा मुक्काम आमच्या गावची पट्टी.

"ही पट्टी तर कधीच सोडून दिली," ते म्हणाले. "तिची हालत कोणाला माहीत आहे?"

"माझ्या मायला," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी मायला लिहिलं, आणि दोन आठवड्यांत तिचा जबाब आला. आमच्या त्या धंद्यात पुढे मी पुष्कळ अहवाल वाचले, पण तसा चोख अहवाल क्वचित पाहिला. माय पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः चालून आली होती. तिनं पावलं मोजली होती आणि आपलं पाऊल केवढं ते कळावं म्हणून पत्रासोबत तेवढ्या लांबीचा सुताचा धागा पाठवला होता. मधोमध गाडीच्या चाकोऱ्या पडल्यात, लिहिलं होतं. पश्चिमेच्या टोकाला बाभळीची रोपं उगवलीत, ती उपटून काढते आहे. चाकोऱ्यांत मुरूम भरते आहे. आपल्या वावरात निंदायला येणाऱ्या दोन बाया मदतीला आहेत, आणि पिंजारी चाचाही.

चाचा म्हणजे गावात कापूस पिंजणारे म्हातारे गृहस्थ. लढाईच्या वेळी ते त्या पट्टीवर चौकीदार होते. विमान उतरताना काय काय लागतं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं.

शिक्षकांनी धागा हातात घेऊन ताणला, कागदावर हिशेब केला आणि म्हणाले, "पुरेल." मग बुलढाण्याच्या कचेरीला पत्र लिहून त्यांनी पट्टीवर उतरायची परवानगी मागवून घेतली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एकच अट घातली. "पट्टी मोकळी नसेल तर चाक टेकवायचं नाही. कितीही भूक लागली असली तरी."

मी पहाटे निघाले. विमान लहान, दोन माणसांचं, कापडी पंखांचं, वर उघडं. पुढची जागा रिकामी होती. खाली रेल्वेचा रूळ धरून मी वर्धा आणि बडनेरा ओलांडलं, अकोल्याला उतरून पेट्रोल भरलं आणि शेगावपर्यंत पुन्हा रुळाच्या सोबतीनं गेले. तिथून रूळ सोडला. इथवर माझ्यासोबत गाड्या होत्या, स्टेशनं होती, तारेचे खांब होते. पुढे काहीच नव्हतं. पूर्णेचं पात्र पिवळ्या दोरीसारखं आडवं आलं आणि त्यापलीकडे खारपाण सुरू झालं. काळ्या जमिनीवर पांढरे डाग, मधून कुठे एखादं बाभळीचं झाड. लहानपणापासून पाहिलेली ती जमीन वरून अशी ओकीबोकी दिसेल असं मला वाटलं नव्हतं. कोरडा वारा खालून विमानाला धक्के देऊ लागला. माझ्या मांडीवर नकाशा होता, पण मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

मला आधी धूर दिसला. मायनं रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायला पट्टीच्या कडेला गोवऱ्यांचा जाळ केला होता. धूर पूर्वेकडे वाकलेला होता. म्हणजे वारा पश्चिमेचा, म्हणजे वाऱ्याला सामोरं जात मला पूर्वेकडून उतरायचं. विमानाच्या तळावर वारा कळावा म्हणून कापडी पिशवी टांगतात. इथे ते काम मायच्या चुलीनं केलं.

मग मला गुरं दिसली.

पट्टीच्या मधोमध तीस-चाळीस गाई-म्हशी उभ्या होत्या. मी ओळखलं. शिंगांना निळा रंग आमच्याच गोठ्यात लावत. त्या पट्टीवर चरायला एक काडी नव्हती. गुरं तिथे आपणहून आलेली नव्हती, ती आणून उभी केली होती.

मी एक घिरटी घातली. खाली माणसं धावताना दिसली. दोन बाया पदर हलवत होत्या, चाचा गळ्यातला रुमाल फिरवत होते, आणि त्यांच्या पुढे, सगळ्यांच्या पुढे, माय धावत होती. मी मायला कधी धावताना पाहिलं नव्हतं. आमच्याकडे तिच्या वयाची, तिच्या घरची बाई धावत नाही. ती धावत होती, पदर पाठीवर पडला होता, आणि हातातली गोवरी तिनं एका म्हशीच्या पाठीवर फेकून मारली.

दुसरी घिरटी. गुरं थोडी सरकली आणि पुन्हा थांबली. शिक्षकांची अट माझ्या डोक्यात होती. मी ती मोडणार नव्हते. पण पट्टी मोकळी करायला मी मदत करायची नाही, असं त्यांनी म्हटलेलं नव्हतं. मी माणसांपासून लांब, पट्टीच्या दुसऱ्या अंगानं खाली आले, झाडाच्या उंचीवर, आणि इंजिन पूर्ण जोरात सोडलं. कळपात एकच गोंधळ उडाला. गुरांनी शेपट्या वर केल्या आणि सरळ गावाकडे धूम ठोकली. त्यांच्यामागून गुराखी धावला. मी वर चढून वळले तेव्हा पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी होती.

मी उतरले. फार सुरेख उतरले असं म्हणणार नाही. एकदा चाकं टेकून उसळली, मग पुन्हा टेकली. चाकोऱ्या जिथे होत्या तिथून मी गेले तेव्हा मला समजलंसुद्धा नाही, इतका मुरूम तिनं नीट बसवला होता.

इंजिन बंद झालं आणि एकदम शांत झालं. माय दम खात समोर उभी होती. मी खाली उडी मारली. आम्ही दोघी मिठी मारणाऱ्यांतल्या नाही. तिनं माझ्या तोंडावरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाली, "बारीक झाली."

"तू धावत होती," मी म्हटलं.

"मंग काय करू? तू वरून वापस जाशीन की काय, असं वाटलं."

चाचा विमानाभोवती फिरून आले. "बेटी, उतरली बरोबर," ते म्हणाले. "लढाईतले साहेब याच्यापेक्षा जास्त उसळायचे."

तिनं पंखाच्या सावलीत घोंगडी अंथरली. दुसरी कुठली सावली त्या माळावर नव्हतीच. गोड पाणी तिनं सोनाळ्याकडून मागवून घेतलं होतं, मडकं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. राखेतून रोडगे काढून तिनं ते झटकले, फोडले, त्यात तूप सोडलं. वांग्याची भाजी होती, घट्ट वरण होतं, ठेचा होता. ताट घरचंच होतं, पितळेचं. ते मी ओळखलं, कारण वडील त्यात जेवायचे.

"हे कसं आनलं?" मी विचारलं.

"हातात धरून आनलं," ती म्हणाली. "समोरच्या दारानं."

मी पहिला घास घेतला तोच मोठ्या बाबांची दमणी आली. दमणी म्हणजे आमच्याकडची बसायची हलकी बैलगाडी. मागे गावातली दहा-बारा माणसं पायी होती. गुरं उधळलेली पाहून आली असावीत. मोठे बाबा खाली उतरले, विमानापाशी आले आणि हातातल्या काठीनं त्यांनी पंखाला टोचून पाहिलं.

"कापडाचंच हाये," ते माणसांकडे वळून म्हणाले.

"काठी नका लावू, मोठे बाबा," मी बसल्या जागेवरून म्हटलं. "फाटलं तर मले इथंच राहावं लागीन, अन् ते तुमाले चालनार नाई."

मागे कोणीतरी हसलं. मोठ्या बाबांनी काठी खाली घेतली. मग ते चाचांकडे पाहून बोलले, "हिले म्हना, भांडे उचल अन् घरी चाल."

हे मायला होतं. आमच्याकडे घरातली सून नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बोलत नाही आणि तोही तिच्याशी बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून वीस-बावीस वर्षं ते दोघं एका घरात राहिले होते आणि एकमेकांना जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगत आले होते. मला वाटलं, माय आता चाचांना काहीतरी सांगेल आणि चाचा ते मोठ्या बाबांना सांगतील.

माय उठून उभी राहिली. पाठीवर पडलेला पदर तिनं डोक्यावर घेतला, पण तोंडावर ओढला नाही.

"मले सांगा," ती म्हणाली. "मी इथंच उभी हाये."

त्यांना कोणत्या नात्यानं हाक मारायची हे तिला माहीत नसावं, कारण तिनं कधी मारलीच नव्हती. म्हणून हाक न मारताच ती बोलली. मोठे बाबा गांगरले. त्यांनी चाचांकडे पाहिलं, चाचांनी आभाळाकडे पाहिलं.

"तुमी म्हनले घरात ताट नाई," माय म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. "म्या ऐकलं. घरात वाढलं नाई. हे घर नोय अन् तुमचं वावरबी नोय. सरकारची जागा हाये. इथं मी कोनाले वाढावं, हे तुमी नका सांगू."

"गावात तोंड दाखवायले जागा ठेवली नाई या पोरीनं," मोठे बाबा म्हणाले.

"अन् पोरीच्या वाटेत गुरं कोनं घातले? ती पडली असती तर कोनतं तोंड दाखवलं असतं?"

मागची माणसं आता हसत नव्हती. त्यातल्या काहींना गुरांचं माहीत नसावं. एक म्हातारा शेतकरी पुढे येऊन मोठ्या बाबांच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागला. मोठ्या बाबांचा चेहरा लाल झाला.

"आज इथं हिच्यासंगं जेवली," ते म्हणाले, आणि आता ते सरळ मायशीच बोलत होते, "तर तुलेबी त्या घरात ताट नाई."

माय खाली बसली. तिनं माझ्या ताटातला रोडगा तोडला, भाजीत बुडवला आणि खाल्ला. मग चाचांना म्हणाली, "भाई, या. थंड होऊन राह्यलं." निंदणाऱ्या दोघी बायांनाही तिनं जवळ बोलावलं. त्या बिचकल्या. एरवी आमच्या पंगतीत त्यांना कोण बोलावणार होतं? मायनं पळसाच्या पानांवर वाढून पानं घोंगडीवरच ठेवली. मग त्या बसल्या. चाचाही बसले. आम्ही पाचही जण त्या एका पंखाच्या सावलीत जेवलो आणि मोठे बाबा उन्हात उभे राहून पाहत राहिले. थोड्या वेळानं दमणी निघून गेली. माणसांतली अर्धी मात्र मागेच थांबली.

मी पोटभर जेवले. इतकी की मायनं आणखी एक रोडगा पुढे केला तेव्हा म्हटलं, "माय, वजन वाढलं तर उडणार नाही." तिनं तरी वाढलाच.

"मी त्या दिवशी बोलायले पाह्यजे होतं," ती मध्येच म्हणाली. मी तो वाढलेला रोडगा तोडला. माझा राग तोवर संपला होता, पण तो नव्हताच असं मला तिला सांगायचं नव्हतं.

आता परत निघायचं तर इंजिन चालू करायचं होतं, आणि त्यासाठी समोरचा पंखा हातानं फिरवावा लागतो. एकानं पंखा फिरवायचा आणि एकानं आत बसून विमान वळवायचा दांडा धरायचा, नाहीतर विमान अंगावर येतं. पंखा मीच फिरवणार होते. चाचांनी दोन्ही चाकांपुढे मोठाले दगड लावले आणि त्यांना दोर बांधले. आत कोण बसणार? मी मायला म्हटलं, "माय, चढ."

नऊवारीचा काचा घट्ट करून ती पंखावर पाय ठेवून चढली आणि माझ्या जागेत बसली. मी तिला दाखवलं. "हा दांडा पोटाशी ओढून धरायचा. काही झालं तरी सोडायचा नाही. अन् हे बटन मी सांगीन तेव्हा वर करायचं."

"धरला," ती म्हणाली. "आता म्हशीनं लाथ मारली तरी नाई सोडत."

मी पंखा ओढला. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. मुरमाची धूळ उडाली, घोंगडी उडाली, बाया ओरडत बाजूला झाल्या. माय त्या गडगडाटात ताठ बसली होती, दोन्ही हातांनी दांडा पोटाशी धरून, डोळे मिटून. मी शेजारी चढून तिच्या खांद्याला हात लावला तरी ती सोडेना. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

पुढची जागा रिकामी आहे हे तिनं पाहिलं होतं. "ती कोनाची?" तिनं माझ्या कानात ओरडून विचारलं.

क्षणभर मला वाटलं, बसवावं आणि न्यावं नागपूरला. तिला ज्या घरात परत जायचं होतं तिथे काय वाढून ठेवलं असेल हे मला दिसत होतं. पण परवाना नसताना कोणाला बसवता येत नाही. मी ते सांगितलं.

"मंग नको," ती म्हणाली. "तुया कागद खराब नाई करायचा. अन् मी कायले जाऊ? घर माया नवऱ्याचंबी हाये."

ती उतरली. चाचांनी दोर ओढून दगड काढले. मी वर गेल्यावर एकदा वळून पाहिलं. माय भांडी घेऊन पट्टी सोडून गावाकडे निघाली होती, एकटी, रस्त्याच्या मधून.

नागपूरला उड्डाणाच्या वहीत प्रत्येक मुक्कामापुढे उतरण्याचं कारण लिहायचं होतं. अकोल्यापुढे मी 'पेट्रोल' लिहिलं. पट्टीपुढे 'जेवण'.

"सराव लिही," शिक्षक म्हणाले. "वही वर तपासायला जाते."

"मी सरावाला उतरले नव्हते," मी म्हटलं.

त्यांनी वही ओढून घेतली आणि खाली सही केली. पुढे मोठ्या बाबांनी कचेरीत तक्रार केली की सरकारी जागेवर परवानगीवाचून विमान उतरवलं. परवानगी त्याच कचेरीनं दिलेली होती. तक्रार तिथेच राहिली.

मायला त्या दिवशी घरात खरंच ताट मिळालं नाही. तिनं ते मागितलंही नाही. अंगणात तीन दगड मांडून तिनं आपली चूल पेटवली. येणारा-जाणारा पाहत होता. ती रोज तिथेच रांधायची आणि तिथेच जेवायची, आणि कोणी विचारलं तर का ते मोठ्यानं सांगायची. मृग जवळ आला तेव्हा मोठ्या बाबांनी मागच्या दोन खोल्या तिला तोडून दिल्या. त्यांना दया आली नव्हती. लोक बोलायला लागले होते. मायनं मागच्या भिंतीला गल्लीकडून नवं दार पाडून घेतलं. त्यानंतर मी दर सुटीत त्या दारानं गेले.

मला परवाना मिळाला. मोठ्या कंपन्यांनी बाईला विमान द्यायला नकार दिला, तेव्हा मी शिकवायला लागले आणि पुष्कळ वर्षं शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली पोरं पुढे मोठमोठी विमानं चालवू लागली.

मोठे बाबा माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आता माझ्या वयाकडे पाहून लोक म्हणतात, जाऊ द्या, ते जुन्या काळचे होते, तुम्ही माफ करून टाकायला हवं होतं. माझी मायही त्याच काळची होती. तिला समजलं आणि त्यांना समजलं नाही, याला काळ काय करणार? त्यांनी माझ्या वाटेत गुरं घातली होती आणि तेव्हा मी वर आहे हे त्यांना माहीत होतं. मी माफ केलेलं नाही. त्यावाचून माझं काही अडलंही नाही.